नळकामाचा भाव कसा पारखावा?

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. पण बांधलेले घर सांभाळणे हेही सोपे काम नाही. भिंत डोळ्यांना दिसते, कौल दिसते. पाण्याचा पाइप मात्र भिंतीच्या पोटात असतो. तो आतून सडला तरी आपल्याला कळत नाही. मग एक दिवस मिस्त्री येतो, आकडा सांगतो, आणि आपण गोंधळतो. आकडा खरा की फुगवलेला?

आज आपण हाच धडा शिकणार आहोत. ज्याने घर भाड्याने दिले आहे त्याला हा धडा हवाच. ज्याचे स्वतःपुरते घर आहे त्यालाही तो उपयोगी पडेल.

१. मावशींचे घर

साताऱ्यासारख्या गावात, जुन्या पेठेत, एक दुमजली घर आहे असे समजू या. घर एका मावशींचे. खाली दोन बिऱ्हाडे, माडीवर दोन. खालच्या एका बिऱ्हाडात मावशी राहतात. बाकीची तीन भाड्याने दिलेली. भाडे हीच त्यांची मुख्य मिळकत. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकीतून लोखंडी पाइप खाली उतरतात आणि चारही बिऱ्हाडांना पाणी देतात. पाइप जुने, मावशींच्या यजमानांनी घातलेले.

अलीकडे सकाळची पहिली बादली तांबूस येते. काही नळांची धार करंगळीएवढी बारीक झाली आहे. आता तर न्हाणीच्या भिंतीला ओल आली.

माडीवरच्या वहिनी म्हणाल्या, “मावशी, बाळाच्या आंघोळीचं पाणी गाळून घेते. तरी फडक्यावर तांबडं राहतं. काहीतरी करा हो.”

मावशींनी तीन मिस्त्रींना घर दाखवले. तीन कागद हाती आले. पहिल्यावर ४८,००० रुपये. दुसऱ्यावर ८६,०००. तिसऱ्यावर ६४,०००. मावशींनी जमवलेली पुंजी ९०,००० रुपये. त्यातूनच औषधपाणी, त्यातूनच सणवार.

शेजारच्यांनी सल्ला दिला, “अहो, सरळ ४८ हजारांना द्या. बाकीचे लुटायला बसलेत.”

मावशी अलीकडेच वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी तिन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले. त्यांना एक गोष्ट कळली. तीन कागद तीन वेगळ्या कामांचे होते! मग भाव सारखे कसे असतील?

या धड्यातले रुपयांचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. दर गावागणिक आणि दिवसागणिक बदलतात. आकडे लक्षात ठेवू नका. रीत लक्षात ठेवा.

२. आधी रोग ओळखा, मग औषध

मिस्त्री म्हणाला, “सगळे पाइप बदला,” म्हणून सगळे बदलायचे नसतात. दुखणे कुठे आहे ते आधी पाहावे.

जुन्या घरांत बहुधा जीआय पाइप असतात. म्हणजे लोखंडाचे पाइप, त्यांवर जस्ताचा लेप. हा लेप वर्षानुवर्षे पाण्याने झिजतो. मग लोखंड गंजते. गंजाचे पोपडे आत साठतात आणि पाइपाचे भोक लहान होत जाते. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो, आतून मात्र तुंबलेला असतो.

चार साध्या परीक्षा आपल्यालाही करता येतात.

पहिली परीक्षा, रंगाची. सकाळी एक तांब्या पाणी थेट टाकीतून काढा. दुसरा तांब्या नळातून भरा. टाकीतले स्वच्छ आणि नळातले तांबूस असेल, तर दोष टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात आहे. टाकीतलेच पाणी तांबूस असेल, तर दोष टाकीत किंवा टाकीच्या आधी आहे. मग घरातले पाइप बदलून काय उपयोग?

दुसरी परीक्षा, बादलीची. एकाच मजल्यावरच्या सारख्या दोन नळांखाली तीच बादली ठेवा. भरायला किती वेळ लागतो तो घड्याळात पाहा. एक नळ फार मागे पडला तर त्याच्याच वाटेत अडचण आहे. खालच्या आणि वरच्या मजल्याची तुलना मात्र करू नका. टाकी जवळ असल्यामुळे वरच्या मजल्यावर दाब मुळातच कमी असतो. आणि हो, आधी नळ उघडून साफ करून घ्या. कधी कधी नळातच कचरा अडकलेला असतो. त्याला हजारो रुपये लागत नाहीत.

तिसरी परीक्षा, गळतीची. रात्री सगळे नळ बंद करा. टाकीत येणारे पाणीही बंद करा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. रात्री कोणी पाणी वापरू नये असे सगळ्या बिऱ्हाडांना सांगा. सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर कुठेतरी गळते आहे.

चौथी परीक्षा सगळ्यांत खरी. मिस्त्रीला सांगा, “सहज हाती येईल अशा जागचा वीतभर पाइप कापून दाखवा.” कापलेल्या पाइपातून आरपार पाहा. भोक मोकळे असेल तर घाई करू नका. पेन्सिल जाण्याइतकेच राहिले असेल तर पाइपाचे दिवस भरले.

मावशींनी असा तुकडा कापवला. अर्धा इंची पाइपात पेन्सिलसुद्धा अडकली. दुसऱ्या बाजूचा तुकडाही तसाच निघाला. तेव्हा त्यांची खात्री पटली. सगळेच बदलायला हवे.

३. आपली यादी आपणच करा

आता मुख्य गोष्ट. मिस्त्रीकडे भाव मागण्याआधी आपल्या कामाची यादी आपण करावी. नाहीतर प्रत्येक जण आपल्या मनातले काम धरून भाव सांगतो.

मावशींनी शाळेत जाणाऱ्या नातवाला हाताशी घेतले. मापाची टेप घेतली. दोघे गच्चीपासून मोरीपर्यंत फिरले आणि वहीत लिहून घेतले.

एक इंची पाइप: ८० फूट.
पाऊण इंची पाइप: १४० फूट.
अर्धा इंची पाइप: १२० फूट.
एकूण: ३४० फूट.
नळाच्या जागा: १६.
बंद-चालू करायचे व्हॉल्व्ह: ५. एक टाकीजवळ आणि प्रत्येक बिऱ्हाडाला एक.

प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा व्हॉल्व्ह कशाला? एका घरचा नळ दुरुस्त करताना बाकी तीन घरांचे पाणी बंद पडू नये म्हणून.

मोजणी इंचाइंचाने बरोबर नसली तरी चालेल. मिस्त्रीने ५०० फूट लिहिले तर “कुठे आहेत हे ५०० फूट?” असे विचारण्याइतकी ती बरोबर असली म्हणजे झाले.

टाकीत पाणी आणणारा नगरपालिकेचा नळ ही वेगळी बाब. रस्त्यातल्या मोठ्या पाइपापासून मीटरपर्यंतचे काम आपल्या मनाने करायचे नसते. त्यासाठी पाणीपुरवठा विभागाची परवानगी आणि परवाना असलेला प्लंबर लागतो. म्हणून ते काम या यादीत धरू नये.

४. कागदावर काय असावे?

आता यादीच्या प्रती करून तिन्ही मिस्त्रींना द्या. त्यांना सांगा, “या यादीप्रमाणे बाब-बाब भाव लिहून द्या. ठोक एकच आकडा नको.” भाव लिहिताना पुढच्या गोष्टी कागदावर यायला हव्यात.

मालाची जात. आज घरातल्या पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप पुष्कळ वापरतात. हे पाइप गंजत नाहीत. थंड आणि गिझरचे गरम, दोन्ही पाणी त्यांतून नेता येते. साधा पीव्हीसी पाइप स्वस्त असतो, पण गरम पाण्याला चालत नाही. तो मऊ पडतो. नुसते “प्लॅस्टिक पाइप” असे लिहिलेले असेल तर कोणता, ते विचारा.

मालाची जाडी. इथेच पुष्कळ लोक फसतात. सीपीव्हीसी पाइपावर एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ असे छापलेले असते. आकडा लहान तेवढा पाइप जाड. पाऊण इंची पाइप घ्या. एसडीआर ११ मध्ये त्याची भिंत सुमारे २ मिलिमीटर जाड असते. एसडीआर १३.५ मध्ये सुमारे १.६ मिलिमीटर. लांबून दोन्ही सारखे दिसतात, भाव मात्र सारखा नसतो. पातळ पाइप म्हणजे खोटा पाइप नव्हे. पण पातळ घालून जाड पाइपाचे पैसे घेऊ नयेत. जीआय पाइपावर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे जड.

मालाची खूण. पाइपावर आयएसआय चिन्ह पाहा. सीपीव्हीसी पाइपासाठी आयएस १५७७८ आणि जीआय पाइपासाठी आयएस १२३९ असा मानकाचा क्रमांक असतो. चिन्हाबरोबर सीएम/एल असा परवान्याचा क्रमांकही असतो. मोबाइलवर बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये हा क्रमांक घालून परवाना खरा आहे का ते पाहता येते. नातवंडांना सांगा, ती पाहून देतील.

फोडणे आणि बुजवणे. पाइप भिंतीच्या आत घालायचा की बाहेरून? आत घालायचा तर खाच कोण पाडणार? गिलावा कोण करणार? फरश्या फुटल्या तर नव्या कोण बसवणार? राडारोडा कोण उचलणार? “त्यात येईल सगळं” हे तोंडचे शब्द. कागदावर नसेल तर ते येत नाही असेच धरा.

उन्हापासून बचाव. गच्चीवरचा प्लॅस्टिकचा पाइप उघडा राहिला तर उन्हाने ठिसूळ होतो. त्याला पाण्यात कालवायचा रंग किंवा आच्छादन हवे.

दाबाची चाचणी. भिंत बुजवण्याआधी पाइपात पाणी भरून, हातपंपाने दाब देऊन, काटा उतरतो का ते पाहतात. दाब नेहमीच्या दाबाच्या निदान दीडपट तरी असावा. चाचणीचा दाब आणि वेळ पाइपाच्या कंपनीच्या पत्रकात दिलेला असतो. तोच कागदावर लिहून घ्यावा. जोड चिकटवले की लगेच दाब देऊ नये. डिंक वाळायला वेळ द्यावा. ही चाचणी न करता बुजवलेली भिंत पुन्हा फोडावी लागली, तर तो खर्च आपल्याच माथी बसतो.

कर. जीएसटी धरून भाव आहे की वर लागणार? जीएसटी लावायचा तर बिलावर १५ अक्षरी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी मागता येत नाही. नोंदणी नाही म्हणून मिस्त्री लबाड ठरत नाही. लहान उलाढालीच्या कारागिराला नोंदणी सक्तीची नसते.

भंगार. जुने लोखंडी पाइप आणि पितळी नळ कोणाचे? ही बाब सहसा कोणी बोलत नाही. मध्यम जाडीचा अर्धा इंची नवा जीआय पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो. मोठे पाइप त्याहून जड. घरभरचे पाइप काढले तर भंगार शंभर किलोंच्या वर जाऊ शकते. ते फुकट जाऊ देऊ नये.

५. तीन कागद एका पातळीवर

आता मावशींच्या तीन कागदांकडे वळू.

पहिला कागद: “संपूर्ण घराची पाइपलाइन बदलणे. ४८,००० रुपये.” बस, एवढेच.

मावशींनी मिस्त्रीला बसवले, चहा दिला आणि यादीतली एकेक बाब विचारली.

“भिंत बुजवणं यात आहे का?”
“नाही मावशी, ते गवंडी करेल.”
“पाइप कुठला?”
“तेरा-पाचचा.”
“राडारोडा?”
“तो तुम्ही उचला.”
“व्हॉल्व्ह?”
“ते तुम्ही आणून द्या. मी बसवतो.”
“आणि जुना पाइप?”
“तो आम्ही नेतो. तशीच रीत आहे.”

मावशींनी वहीत बेरीज मांडली.

सांगितलेला भाव: ४८,०००
भिंत बुजवणे, गिलावा: ९,०००
जाड पाइपासाठी जास्त: ५,५००
राडारोडा: २,५००
पाच व्हॉल्व्ह: २,५००
गेलेले भंगार (सव्वाशे किलो, किलोला ३२ रुपये): ४,०००
एकूण: ७१,५००

दुसरा कागद ८६,००० रुपयांचा. त्यात सगळे होते. करही होता. पण १६ नवे नळ धरले होते, ७०० रुपयांना एक. म्हणजे ११,२०० रुपये. मावशींचे बरेच नळ अजून चांगले होते. लागतील तेवढे नळ त्या स्वतः आणणार होत्या. म्हणून ते वजा केले.

८६,००० वजा ११,२००, म्हणजे ७४,८००.

तिसरा कागद ६४,००० रुपयांचा. पाइप एसडीआर ११ चा, व्हॉल्व्ह, भिंत बुजवणे, चाचणी, सगळे लिहिलेले. भंगार मावशींचे. फक्त राडारोडा नव्हता. तो धरून झाले ६६,५००.

आता आकडे पुन्हा पाहा.

आधी: ४८,०००, ८६,०००, ६४,०००.
नंतर: ७१,५००, ७४,८००, ६६,५००.

आधी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भावात ३८,००० रुपयांचे अंतर होते. आता ८,३०० रुपयांचेच उरले. जो सर्वांत स्वस्त वाटत होता तो स्वस्त नव्हता. ज्याला शेजारी लुटारू म्हणत होते तोही लुटारू नव्हता. त्याने जास्त काम धरले होते, एवढेच. कागदाच्या तळाचा आकडा पाहून कोणाला चोर म्हणू नये आणि कोणाला सावही म्हणू नये. बाबी वाचाव्यात.

६. भावाच्या आत डोकावून पाहा

आता तिसरा कागद स्वतःहून तरी रास्त आहे का? तेही पाहता येते. भावाचे तीन भाग करायचे: माल, मजुरी आणि कंत्राटदाराचा वाटा.

मालाची यादी घेऊन दोन दुकानांत जा. पाइपांच्या कंपन्यांचे छापील दरपत्रक असते. पण दुकानदार त्यावर सूट देतो, आणि ही सूट पुष्कळदा मोठी असते. म्हणून “छापील भाव किती?” असे विचारून थांबू नका. “सूट जाऊन हातात किती पडेल?” असे विचारा. मिस्त्रीने छापील भाव लावला असेल, तर सुटीचा सगळा पैसा त्याच्या खिशात जातो. आपण विचारले तर त्यातला काही आपल्याकडे येतो.

समजा, मावशींना सूट जाऊन माल २७,००० रुपयांना पडतो असे कळले. मिस्त्री आणि मदतनीस मिळून ९ दिवस लागणार. मिस्त्रीचा रोज १,२०० आणि मदतनिसाचा ८०० धरला, तर दिवसाला २,०००. नऊ दिवसांचे १८,०००. भिंत बुजवण्याचे ९,०००.

२७,००० अधिक १८,००० अधिक ९,०००, म्हणजे ५४,०००.

मिस्त्रीने ६४,००० सांगितले होते. वरचे १०,००० कशाचे? हत्यारांची झीज, मालाची ने-आण, चार वेळा मारलेल्या खेपा, काम बिघडले तर स्वतःच्या पैशाने पुन्हा करण्याची जोखीम, आणि त्याचा नफा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागसुद्धा आपल्या दरांच्या हिशोबात कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून शेकडा १५ धरतो. ५४,००० वर शेकडा १५ म्हणजे ८,१००. लहान कामात खेपा तेवढ्याच पडतात, म्हणून थोडे जास्त पडले तर नवल नाही. तेव्हा १०,००० रास्तच म्हणायचे. २५,००० निघाले असते तर कारण विचारावे लागले असते. आणि काहीच उरत नसेल तर? तर त्याहून सावध व्हावे. ज्याला नफा नाही तो कुठेतरी माल तरी कमी घालेल, नाहीतर काम अर्धवट टाकून जाईल.

आपल्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची छापील दरसूची असते. तिच्यात पाइप घालण्याचे मीटरप्रमाणे दर असतात. ते सरकारी कामांचे दर आहेत, आपल्या कामाला तंतोतंत लागू पडणार नाहीत. पण भाव दुप्पट-तिप्पट लावलेला आहे का, हे त्यावरून कळते.

घासाघीस करावी का? जरूर करावी, पण बाबीवर करावी. “पाच हजार कमी करा” असे मोघम म्हटले तर मिस्त्री पाच हजारांचा माल कमी करेल. “पाऊण इंची पाइपाचा भाव दुकानात कमी आहे, हा कागद पाहा” असे म्हटले तर तो भाव कमी करेल. घामाच्या पैशात मात्र हात घालू नये. नऊ दिवस भिंत फोडणाऱ्या माणसाचा रोज कापून आपले घर नीट होत नाही.

७. सही आणि पैसे

भाव ठरला. आता सही. सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. अडले तर वाचून घ्या. “आजच सही करा, उद्या हा भाव मिळणार नाही” असे कोणी म्हणाले तर उद्यापर्यंत थांबा. पन्नास वर्षे टिकलेले पाइप आणखी एक रात्र टिकतील.

वाढीव कामाचे आधीच ठरवा. भिंत फोडल्यावर नवे काही निघू शकते, हे खरे आहे. म्हणून असे लिहा: “यादीबाहेरचे काम निघाल्यास आधी विचारावे. पाइपाचा दर फुटाला अमुक रुपये.” मग शेवटी भांडण नको.

पैसे एकदम देऊ नका. मालासाठी काही उचल द्या. काम अर्धे झाले की काही द्या. दाबाची चाचणी पार पडली की काही द्या. आणि थोडी रक्कम दोन आठवडे मागे ठेवा. गळती असेल तर तेवढ्यात दिसते. ही वाटणीही कागदावर लिहा. म्हणजे मिस्त्रीलाही भरवसा राहतो की मावशी पैसे बुडवणार नाहीत. प्रत्येक वेळी पावती घ्या. ५,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर १ रुपयाचे रसीद तिकीट लावायचे असते. मालाची दुकानाची बिलेही मागून ठेवा.

माल घरी आला की पाइपावरचे अक्षर न् अक्षर वाचा. ठरल्याप्रमाणे एसडीआर ११ आहे ना? माप बरोबर आहे ना? भिंतीत गेल्यावर कोण वाचणार!

८. भाडेकरूंचे पाणी

शेवटी एक गोष्ट, पण लहान नव्हे. हे काम मावशींच्या घराचे असले तरी पाणी चार घरांचे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या भागांना लागू आहे तिथे, वेगळा करार नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. कलम १४ मध्ये तसे सांगितले आहे. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. आणि योग्य कारणावाचून भाडेकरूचे पाणी तोडायला कलम २९ प्रमाणे मनाई आहे.

दुरुस्तीसाठी पाणी काही तास बंद ठेवावे लागते, ते वेगळे. पण त्याचेही नियोजन हवे. मावशींनी कागदावर एक ओळ वाढवली: “एका वेळी एकाच बिऱ्हाडाचे काम काढावे. संध्याकाळी सहाला पाणी चालू करून द्यावे.” तिसरा मिस्त्री म्हणाला, “मावशी, यानं एक दिवस वाढेल. दोन हजार जास्त लागतील.” मावशींनी ते मान्य केले. एकंदर ६८,५०० रुपये झाले. बाळाच्या घरात रात्री पाणी नसावे, हे त्यांना दोन हजारांहून महाग वाटले.

दहा दिवसांत काम झाले. चाचणीच्या वेळी मावशी स्वतः काट्यासमोर बसल्या. काटा हलला नाही. मग गवंड्याने भिंत बुजवली. भंगार विकून ४,००० रुपये आले, त्यांतून पाच नळ बदलले. माडीवरच्या वहिनींनी पाणी गाळायचे फडके धुऊन ठेवून दिले.

मावशींनी त्या वहीवर नाव घातले: “नळकाम.” कुठून कोणता पाइप गेला आहे, व्हॉल्व्ह कुठे आहेत, हे नातवाने चित्र काढून दाखवले आहे. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला, तर आधी ती वही उघडतात.

लक्षात ठेवा

१. आधी खात्री करा: पाइप खरोखर बदलायला हवेत का?
२. कामाची यादी आपण करा. तीच यादी तिघांना द्या.
३. तळाचा आकडा पाहू नका. बाब-बाब पाहा.
४. माल, मजुरी आणि कंत्राटदाराचा वाटा वेगळे करून पाहा.
५. फार महाग भावाचे कारण विचारा. फार स्वस्त भावाचेही विचारा.
६. चाचणीआधी भिंत बुजवू देऊ नका.
७. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या.

अभ्यास

१. आपल्या घरात किती नळ आहेत ते मोजा आणि वहीत अक्षरांत व आकड्यांत लिहा.
२. एका मिस्त्रीने ३०,००० रुपये सांगितले. त्यात राडारोडा (१,५००) आणि भिंत बुजवणे (६,०००) नाही. दुसऱ्याने ३६,००० सांगितले, त्यात दोन्ही आहे. माल सारखाच आहे. कोणाचा भाव कमी?
३. घरात पाइपाचा एखादा तुकडा असेल तर त्यावर काय छापले आहे ते वाचून वर्गात सांगा.